मतदाराला कधी सांगायचं?

“शेवटी शिक्षा कोणाला झाली?”

अहवालाचा सारांशाचा खंड मिटून टेबलावर ठेवत मामांनी विचारलं. सातारच्या कोर्टात उभी हयात फौजदारी वकिली केलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार. कॅनडाच्या 2019 आणि 2021 च्या सार्वत्रिक निवडणुकांत परदेशांनी केलेल्या हस्तक्षेपाची चौकशी न्यायमूर्ती मारी-जोझे होग यांच्या आयोगाने केली. 28 जानेवारी 2025 ला त्यांचा सात खंडांचा अंतिम अहवाल आला. त्यात 51 शिफारशी आहेत, पण दोषी म्हणून एकाही माणसाचं नाव नाही. मी मिसिसागात राहते, इथली मतदार आहे. मामा पाहुणे म्हणून आलेले. त्या अहवालावरून आमचा जो वाद झाला तो कोणत्याही लोकशाहीत व्हावा असा होता, म्हणून तो जवळजवळ झाला तसा लिहिते आहे.

“शिक्षा कोणालाच नाही,” मी म्हटलं. “आयोगाला तो अधिकारच नसतो. दिवाणी किंवा फौजदारी दोष ठरवायचा नाही, ही त्याची हद्द. काय घडलं, सरकारला कधी कळलं आणि कळल्यावर सरकारने काय केलं, एवढंच त्याने शोधायचं.”

“मग तेवढ्यासाठी आयोग कशाला? आधी जे जॉन्स्टन नेमले होते त्यांचं काय वाईट होतं? गव्हर्नर जनरल राहिलेला माणूस. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं, माल गुप्त आहे, त्याची उघड सुनावणी होऊ शकत नाही. मला तर ते अगदी कायद्याला धरून वाटतं.”

इथे थोडी मागची हकिगत सांगायला हवी. दोन्ही निवडणुका तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या लिबरल पक्षाने जिंकल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘ग्लोब अँड मेल’ने कॅनडाच्या गुप्तवार्ता संस्थेचे, म्हणजे सीसिसचे, गोपनीय कागद पाहून बातम्या छापल्या: चीनने या निवडणुकांत ढवळाढवळ केली. विरोधकांनी उघड चौकशी मागितली, सरकार राजी नव्हतं. 15 मार्चला ट्रूडोंनी डेव्हिड जॉन्स्टन यांना विशेष प्रतिवेदक नेमलं. 23 मे रोजी त्यांनी आयोगाची गरज नाही असा निर्वाळा दिला. 31 मे रोजी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने 174 विरुद्ध 150 मतांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि 9 जूनला त्यांनी राजीनामा दिला. होग यांची नेमणूक झाली ती सप्टेंबरमध्ये, सगळ्या प्रमुख पक्षांची संमती घेऊन.

“जॉन्स्टन यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही,” मी म्हटलं. “पण ट्रूडो कुटुंबाशी त्यांची जुनी ओळख, पंतप्रधानांच्या वडिलांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाचे ते सदस्य राहिलेले. ज्या पक्षाला फायदा झाल्याचा संशय, त्याच पक्षाच्या नेत्याने आपल्या परिचिताला नेमायचं, आणि त्याने सांगायचं की मी पाहिलं, ठीक आहे, तुम्हाला बघता येणार नाही. सातारला कोणी पक्षकाराने न्यायाधीश असा निवडला असता तर तुम्ही गप्प बसला असता?”

“बसलो नसतो. अर्ज दिला असता. माणूस बदला म्हणालो असतो. पण सुनावणी चव्हाट्यावर घ्या असं म्हणालो नसतो. तुझ्या दोन मागण्या आहेत आणि तू त्या एकात मिसळते आहेस.”

हे बरोबर होतं. निष्पक्ष माणूस आणि उघड सुनावणी या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि 2023 मध्ये इथल्या बहुतेक चर्चेत त्या एकच समजल्या गेल्या.

मामा पुढे म्हणाले, “खबऱ्याने दिलेली माहिती आणि पुरावा यांत केवढं अंतर असतं हे तुम्हा लोकांना कळत नाही. फौजदाराकडे शंभर खबरी येतात. कोणी दुष्मनी काढायला सांगतो, कोणी पैशासाठी, कोणी अर्धवट ऐकून. त्यातली एखादी कोर्टात टिकते. इथे तर गुप्त माहितीच्या प्रत्येक सारांशाच्या डोक्यावरच लिहून दिलंय की माहिती एकाच माणसाकडून आलेली असू शकते, अपुरी असू शकते, तिची खात्री केलेली नसू शकते. असला कागद लोकांपुढे ठेवायचा, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याने उलटतपासणी कोणाची घ्यायची? खबऱ्याची? तो तर पडद्याआड.”

“मग मी एकाच मतदारसंघाचं सांगते. डॉन व्हॅली नॉर्थ. टोरांटोच्या उत्तर भागातला.”

हा मतदारसंघ मी मुद्दाम निवडला, कारण सगळा प्रश्न त्यात एकवटला आहे. सप्टेंबर 2019 मध्ये तिथे लिबरल पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान झालं. जागा त्या पक्षासाठी इतकी सुरक्षित की उमेदवारी मिळाली म्हणजे खासदारकी मिळाल्यासारखीच. त्या मतदानाला लिबरल पक्षाचा नियम होता: वय 14 पूर्ण असावं, मतदारसंघात राहावं, पक्षाची नोंदणी असावी. नागरिकत्वाची अट नाही. मतदानाच्या दिवशी एका खासगी शाळेतल्या परदेशी विद्यार्थ्यांना, त्यांत चिनी मुलं होती, बसने आणण्यात आलं. सीसिसकडची माहिती अशी की या मुलांच्या पाठवणीत चीनच्या वकिलातीचा हात असावा, आणि न ऐकल्यास व्हिसाचं बघून घेऊ असं त्यांना आडून सुचवलं गेलं असावं. हान डाँग यांना उमेदवारी मिळाली. महिन्याभराने ते निवडून आले.

“आता ऐका,” मी म्हटलं. “ही माहिती सप्टेंबर संपायच्या आत, प्रचार चालू असताना, लिबरल पक्षाच्या गोपनीयतेची परवानगी असलेल्या प्रतिनिधींना सांगितली गेली. तिथून ती पंतप्रधानांपर्यंत पोचली. उमेदवार बदलण्याएवढा आधार नाही असं त्यांनी ठरवलं. तसं त्यांनी आयोगापुढे शपथेवर सांगितलं. म्हणजे ज्या पक्षाला लाभ झाला त्याला कळलं, आणि डॉन व्हॅली नॉर्थमध्ये राहणाऱ्या, रांगेत उभं राहून मत देणाऱ्या माणसाला साडेतीन वर्षांनी वर्तमानपत्रातून कळलं. माझा राग त्यावर आहे.”

“ट्रूडोंचा निर्णय चुकला असं होग म्हणतात?”

“नाही. त्या म्हणतात की त्या उमेदवारी निवडणुकीचा निकाल यामुळे बदलला असण्याची शक्यता आहे, आणि तो बदलला असेल तर संसदेत कोण गेलं तेही बदललं. सरकार कोणाचं आलं यावर मात्र दोन्ही निवडणुकांत परिणाम झाला नाही. थोड्या मतदारसंघांत फरक पडला असू शकतो, नक्की सांगता येत नाही.”

“‘असू शकतो’, ‘असावा’. आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या आधारावर 2019 च्या ऑक्टोबरात जाहीर करायला हवं होतं. बरं, केलं असतं. डाँग पडले असते. मग पुढे ही माहिती कच्ची निघाली असती तर? निवडणूक पुन्हा घेतली असती?”

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच पुढचा मुद्दा काढला. त्यांनी वाचलं ते खरोखर नीट वाचलं होतं. मार्च 2023 मध्ये ‘ग्लोबल न्यूज’ने बातमी दिली की डाँग यांनी एका चिनी राजनैतिक अधिकाऱ्याला सुचवलं, चीनने अडकवून ठेवलेल्या मायकेल कोव्हरिग आणि मायकेल स्पेव्हर या कॅनेडियनांची सुटका लांबवा. देशद्रोहाच्या जवळ जाणारा आरोप. डाँग यांनी तो साफ नाकारला आणि 22 मार्चला पक्षाचा संसदीय गट सोडला. जॉन्स्टन यांनी मे महिन्यात लिहिलं, आरोप खोटा आहे. होग यांच्या अंतिम अहवालात नोंद आहे की गोपनीय माहिती डाँग यांच्या नकाराला दुजोरा देते.

“जवळजवळ दोन वर्षं,” मामा म्हणाले. “एक माणूस दोन वर्षं देशद्रोह्याचा शिक्का घेऊन फिरला. कागद फोडणाऱ्याने हे देशप्रेमाने केलं असेल, छापणाऱ्याने लोकहितासाठी. डाँग यांची भरपाई कोण करणार? मी माझ्या अशिलांना सांगायचो, निर्दोष सुटलास तरी गावात सुटायला दहा वर्षं लागतील.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हटलं की जॉन्स्टन आणि होग यांनी एकच निष्कर्ष काढला, पण जॉन्स्टन यांच्या शब्दाला 2023 मध्ये वजन आलं नाही, कारण तो ऐकणाऱ्याने काहीच पाहिलेलं नव्हतं. ओटावातल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या इमारतीत झालेल्या सुनावण्यांत पंतप्रधान, त्यांचे सल्लागार, सीसिसचे संचालक, पडलेले उमेदवार असे सगळे साक्षीला उभे राहिले. नाजूक भाग बंद दाराआड झाला, त्याचे सारांश बाहेर आले. इतकं पाहिल्यावर होग यांनी लिहिलेलं वाक्य डाँग यांना खरोखर उपयोगी पडणारं आहे. “तुमच्या अशिलाला उघड कोर्टानेच सोडवलं, मामा.”

“उशिरा.”

“हो, उशिरा. उघडं करायला उशीर लावला म्हणून उशिरा.”

मग बोलणं जून 2024 कडे वळलं, आणि तिथे एक गमतीचा नव्हे, काळजीचा प्रकार झाला: एकाच उदाहरणाने आम्हा दोघांनाही आपलंच खरं वाटलं. संसद सदस्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा समितीने 3 जूनला अहवाल दिला की काही लोकप्रतिनिधी परकीय हस्तक्षेपात जाणूनबुजून किंवा अर्धवट जाणीव असताना सामील होते. नावं नाहीत. गोपनीय प्रत वाचण्याची परवानगी असलेल्या ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे यांनी ती वाचली आणि सांगितलं, मला हायसं वाटलं, संसदेत गद्दारांची यादी नाही. दोन दिवसांनी एनडीपी पक्षाचे जगमीत सिंग यांनी तीच प्रत वाचली आणि सांगितलं, माझी काळजी वाढली, काही खासदार खरोखर देशाचे गद्दार आहेत.

“बघ,” मामा म्हणाले, “जबाबदार नेत्यांच्या हातात कच्ची खबर दिली तर ही गत. लोकांच्या हातात दिली तर काय होईल?”

“मी उलटं वाचते. दोघांनी बंद खोलीत वाचलं, म्हणून कोण बरोबर हे आम्हाला तपासता आलं नाही. सात महिने सबंध संसद संशयात राहिली. शेवटी होग यांनी सांगितलं की गद्दार म्हणावं असा पुरावा त्यांना मिळाला नाही, काहींचं वागणं भाबडं किंवा नैतिकदृष्ट्या शंकास्पद आहे, आणि समितीने गुप्तवार्तेत होतं त्यापेक्षा ठाम लिहिलं.”

“आणि तुझ्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी?”

मला माहीत होतं ते कुठे येणार. 16 ऑक्टोबर 2024. विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांनी गोपनीयतेची परवानगी घ्यायला नकार दिला होता. एकदा वाचलं की उघड बोलता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ट्रूडोंनी साक्षीत शपथेवर सांगितलं की कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे काही आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि उमेदवार यात गुंतलेले किंवा धोक्यात असल्याची नावं आपल्याकडे आहेत. नावं सांगितली नाहीत. उलटतपासणीत मान्य केलं की इतर पक्षांचीही आहेत, त्यांच्या स्वतःच्याही.

“हे मला मान्य नाही,” मी म्हटलं. “सत्तेवरचा माणूस गुप्त माहितीचा अर्धा तुकडा विरोधकावर फेकतो. पॉलिएव्ह यांनी वाचायचं नाकारलं ते मला बेजबाबदारपणाचं वाटतं, तरीही.”

मामांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला. “आम्ही हे 1975 ला पाहिलंय. जेपींच्या मागे परकीय हात, संपाच्या मागे परकीय हात, विद्यार्थ्यांच्या मागे परकीय हात. कोणता हात, कोणी पाहिला, विचारायची सोय नव्हती. विचारणारा आत. आणि पुढे 1978 मध्ये अमेरिकेचे भारतातले माजी राजदूत मॉयनिहान यांनी पुस्तकात लिहिलं की अमेरिकेचा पैसा दोनदा गेला तो काँग्रेसलाच, केरळ आणि बंगालमधल्या कम्युनिस्टांविरुद्ध. म्हणून कोणतंही सरकार ‘बाहेरचा देश’ म्हणालं की मी आधी विचारतो, याचा उपयोग कोणाविरुद्ध होणार आहे?”

या प्रश्नाचा मान ठेवला पाहिजे. इथे वाढलेल्या पिढीला तो चटकन सुचत नाही. पण मला वाटतं, आणीबाणीतला तो आरोप चालला तो चौकशी नव्हती म्हणून. उघड आयोगापुढे सरकारला ‘परकीय हात’ एवढ्यावर सुटता आलं नसतं.

मी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाच्या 28 मार्च 2014 च्या निकालाची आठवण करून दिली. एका बहुराष्ट्रीय उद्योगसमूहाच्या भारतातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणग्यांचा कायदा मोडला, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर 2016 च्या आणि 2018 च्या वित्त कायद्यांतून व्याख्याच बदलली गेली, तीही मागल्या तारखेने, थेट 1976 पर्यंत. “बाहेरच्या पैशाबद्दल न्यायालयाने सांगितलं आणि दोन्ही मोठे पक्ष सुटले. तुम्ही कॅनडाला नावं ठेवता, इथे निदान पंतप्रधान साक्षीला तरी उभा राहिला.”

“ते चूकच होतं. मी बार असोसिएशनमध्ये तेव्हा बोललो होतो. पण एकाची चूक दुसऱ्याला पुरावा होत नाही. आणि आता भारताचंच बघ. तुमच्या होग लिहितात, निवडणूक हस्तक्षेपात चीननंतर सर्वांत सक्रिय देश भारत. मध्यस्थांमार्फत, काही उमेदवारांना त्यांच्या नकळत पैसा पोचवण्याचा प्रयत्न झाला असावा. पुन्हा ‘असावा’! भारताच्या परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी फेटाळलं, उलट कॅनडाच आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करतो म्हणालं. आता इथे मराठी मंडळाच्या गणपतीत वर्गणी देणाऱ्या माणसाकडे शेजारी कशा नजरेने बघणार?”

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. एखाद्या स्थानिक उमेदवाराच्या प्रचाराला मी जाते, दारं ठोठावते. भारतीय आडनावाच्या माणसाने राजकारणात रस घेतला की त्यामागे दिल्ली आहे असा वास काहींना येऊ लागला, तर त्याचा तोटा मला आणि माझ्या मुलांना होणार. तरीही मी मामांना म्हटलं की मला तपशील कमी नकोत, जास्त हवेत. “मध्यस्थ कोण, कोणत्या प्रकारचे, पैसा कसा फिरतो, एवढं सांगितलं तर संशय त्या पद्धतीवर जाईल. आत्ता तो सगळ्या समाजावर पसरला आहे. आणि ज्यांना खरा त्रास होतो तेही आमच्यासारखेच, बाहेरून आलेले. मार्च 2024 मध्ये आयोगापुढे स्थलांतरित समाजांतली माणसं बोलली. धमकी इथल्या माणसाला येते आणि मागे राहिलेल्या आईबापांची भीती घातली जाते. त्यांनी तक्रार करायची कोणाकडे?”

मग मी केनी चिऊ यांचं सांगितलं. ब्रिटिश कोलंबियातल्या स्टीव्हस्टन–रिचमंड ईस्टचे तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार, हाँगकाँगमधून आलेले. परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांची जाहीर नोंद व्हावी असं खासगी विधेयक त्यांनी एप्रिल 2021 मध्ये मांडलं. त्या वर्षीच्या निवडणुकीत वीचॅटवर आणि चिनी भाषेतल्या माध्यमांत पसरलं की या कायद्याने सगळ्या चिनी वंशाच्या लोकांवर बंधनं येतील. ते पडले. होग म्हणतात, या खोट्या प्रचाराने तिथला निकाल बदलला असण्याची रास्त शक्यता आहे, खात्री देता येत नाही. अधिकाऱ्यांना हा प्रचार दिसत होता. निवडणूक काळात इशारा द्यायचा की नाही हे ठरवायला पाच वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांचं मंडळ आहे. संपूर्ण निवडणूक मुक्त आणि न्याय्य राहणार नाही असा धोका दिसला तरच बोलायचं, अशी त्यांची मर्यादा. तेव्हाच्या 338 मतदारसंघांपैकी एकात आग लागली तर ती मर्यादा गाठली जात नव्हती. 2019 मध्ये गाठली नाही, 2021 मध्येही नाही.

“म्हणून माझं म्हणणं आरोप जाहीर करा असं नाहीच,” मी म्हटलं. “माझं म्हणणं माहिती वेळेत द्या. चिऊ यांना सांगा की तुमच्याविषयी हे पसरतंय. त्या मतदारसंघाला सांगा की हा मजकूर खोटा आहे. कोणी पसरवला हे सिद्ध व्हायची वाट कशाला बघायची? विधेयकात काय लिहिलं होतं हे तर उघड होतं.”

मामांनी बराच विचार केला. “हे मी मान्य करीन. गुन्हा दाखल न करता गावाला सावध करणं. पण डॉन व्हॅली नॉर्थच्या बसला हे लागू होत नाही. तिथे खोटा मजकूर नव्हता. तिथे सांगायचं म्हणजे उमेदवाराकडेच बोट दाखवणं.”

“तिथे पक्षाचा नियम बदलणं हा उपाय होता. परदेशी विद्यार्थी, वय 14, नागरिकत्व नाही, हा दरवाजा कोणत्याही गुप्तहेराशिवाय दिसत होता.”

“आणि त्याबद्दल सगळे पक्ष गप्प. हो, हे पटतं.”

वाद तिथे थांबला असता, पण एप्रिल 2025 च्या निवडणुकीबद्दल बोलायचं राहिलं होतं. त्या वेळी अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच प्रचारकाळात दर आठवड्याला पत्रकारांना माहिती दिली. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार जो टे यांच्याविरुद्ध मोहीम चालू असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. टे यांच्यावर हाँगकाँग पोलिसांनी डिसेंबर 2024 मध्ये 10 लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लावलेलं. मार्कम–युनियनव्हिलचे लिबरल उमेदवार पॉल चँग यांनी टे यांना चिनी वकिलातीत नेऊन ते इनाम मिळवता येईल असं बोलून दाखवलं होतं. त्यावरून गदारोळ झाल्यावर 31 मार्चला त्यांनी माघार घेतली. टे उभे होते डॉन व्हॅली नॉर्थमधून.

“तोच मतदारसंघ?” मामा पुढे सरकले.

“तोच. इशारा दिला 21 एप्रिलला. मतदान 28 ला.”

“मग तुझं झालं की मनासारखं.”

“नाही. 21 एप्रिल हा आगाऊ मतदानाचा शेवटचा दिवस होता. 18 पासून चार दिवस देशभर रांगा होत्या, 73 लाख लोकांनी आगाऊ मत दिलं. डॉन व्हॅली नॉर्थमध्ये शुक्रवारी मत देऊन आलेल्याला सोमवारी सांगितलं. टे हरले. इशाऱ्याने काही फरक पडला असता असं मी म्हणत नाही, अधिकारीही म्हणाले की या मोहिमेला प्रतिसाद फारसा नव्हता. पण त्यांना हे कधी कळलं आणि सोमवारपर्यंत का थांबले, हे मला कोणीतरी उघड्यावर विचारायला हवं आहे.”

“विचार. पण त्यांनी शुक्रवारी सांगितलं असतं, आणि टे यांच्या विरोधकाने म्हटलं असतं की सरकारी अधिकारी ऐन मतदानात एका उमेदवाराला सहानुभूती मिळवून देतात, तर तू काय म्हणाली असतीस?”

“त्याला म्हटलं असतं, तुलाही त्याच दिवशी, त्याच पत्रकार परिषदेत बोलायला उभं करा.”

“आणि मग मतदान केंद्रावर कोणाचं ऐकायचं?”

“ते मतदार ठरवील, मामा.”

“मला तुझ्याएवढा विश्वास नाही,” मामा म्हणाले, आणि मिटलेला खंड पुन्हा उघडून त्यांनी पाच सनदी अधिकाऱ्यांच्या मंडळाविषयीचं पान काढलं. यांची नेमणूक कोण करतं, पंतप्रधानच ना, हे त्यांना विचारायचं होतं.